बॅगांच्या काट्यावरचं पिस्तूल

भारतात जाताना बॅगा तोलायचा हातकाटा इथल्या प्रत्येक मराठी घरात असतो. हुक बॅगेच्या पट्ट्यात अडकवायचा, बॅग उचलायची आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखायचा. आमचा काटा जिन्याखालच्या कपाटात आहे, चांगला चालतो. तरी गेल्या दोन खेपांना मी बॅगा बाथरूममधल्या वजनकाट्यावर ठेवून तोलल्या. तो हातकाटा मी शेवटचा कशासाठी वापरला, ते लिहून ठेवायचं आहे.

बायको कॉलेजात असताना नागपूरच्या रायफल क्लबात पिस्तूल चालवायची. पॉइंट टू टू बोअरचं, क्लबाच्या मालकीचं, आधीच्या कितीतरी मुलींच्या घामानं मूठ काळी पडलेलं. मी तिच्याच वर्गात होतो; आकडेमोड बरी आणि नेम अजिबात नाही. लग्न झालं, आम्ही बर्मिंगहॅमला आलो, मुलगी झाली. बायकोनं एका शाळेच्या ऑफिसात अठरा वर्षं नोकरी केली. मुलगी शिकायला ग्लासगोला गेली त्या सप्टेंबरात बायको म्हणाली, "मला परत पिस्तूल चालवायचंय. आणि ह्या वेळेला माझं स्वतःचं हवं. परवडेल असंच बघ, पण माझं."

तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती.

मी आधी नियम वाचले. गोळीचं पिस्तूल इथे सामान्य माणसाला ठेवता येत नाही, पॉइंट टू टूसुद्धा नाही. राहतं ते एअर पिस्तूल. हवेच्या दाबावर साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सोडणारं, दहा मीटरवरच्या कार्डावर नेम धरण्यासाठी. इंग्लंडात त्याला परवाना लागत नाही, मुलीच्या ग्लासगोला, म्हणजे स्कॉटलंडात, लागतो. हे सगळं मी बायकोला वाचून दाखवलं.

"हवेचं तर हवेचं," ती म्हणाली. "नेम तर माझाच ना?"

आमच्या घरापासून दोन बस बदलून एक क्लब होता, एका चर्चच्या हॉलमागे. दर मंगळवारी संध्याकाळी सहा ते आठ. क्लबाची सेक्रेटरी सत्तरीची बाई होती. बर्मिंगहॅमची जुनी माणसं सगळ्यांनाच लाडानं 'बॅब' म्हणतात, तशी ही आम्हा दोघांनाही म्हणायची. तिनं बायकोला क्लबाचं एक पिस्तूल वापरायला दिलं. पहिल्याच दिवशी दहा छऱ्यांत शंभरपैकी एक्क्याऐंशी आले. तीस वर्षांनी. बायको कार्ड माझ्यासमोर धरून उभी राहिली. गालावर पिस्तुलाच्या तेलाचा डाग होता.

मी नुसता बसून राहू शकत नाही, म्हणून सेक्रेटरीनं मला गुण मोजायला शिकवलं. छऱ्याचं भोक वर्तुळाच्या रेषेला नुसतं टेकलं तरी वरचा गुण मिळतो. डोळ्यांना कळत नसेल तर भोकात मापाची एक छोटी धातूची खुंटी घालतात, तिच्यावर भिंग असतं, त्यातून बघायचं. मला ते काम मनापासून आवडलं. एकदा बायकोच्या कार्डावर मी नवाऐवजी आठ दिले.

"टेकलंय की!"

"नाही टेकलेलं. बघ भिंगातून."

तिनं पाहिलं. "नवरा आहेस की इन्कम टॅक्सवाला?" पण आठच घेतले.

पिस्तूल निवडायचं काम माझ्याकडे होतं, कारण आमच्या घरात निवडायची कामं माझ्याकडेच असतात. फ्रिज निवडायला मी चार महिने घेतले होते आणि तो फ्रिज अजून चालतो आहे. मी तक्ता केला. नऊ पिस्तुलं, किंमत, वजन, मुठीचं माप, ट्रिगरला लागणारा जोर. स्प्रिंगची पहिल्यांदा बाद झाली, छर्रा सुटताना झटका देतात. गॅसच्या कॅप्सूलची गेली, कॅप्सूल सारख्या विकत घ्याव्या लागतात. उरले दोन प्रकार. एकात हवेची नळी आधीच भरून ठेवलेली असते, नेमबाजाला काही जोर लावावा लागत नाही. पण त्याची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट. दुसऱ्यात प्रत्येक छऱ्याआधी एक लिव्हर उघडून परत दाबून बंद करायची, तेवढ्यानं हवा भरते. क्लबाचं पिस्तूल ह्या दुसऱ्या प्रकारचं होतं. परवडणारंही तेच.

दाबायला किती जोर लागतो, हे कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. म्हणून ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी मी बॅगांचा काटा क्लबात नेला. पिस्तूल रिकामं आहे ना हे सेक्रेटरीनं स्वतः दोनदा पाहिलं. मग लिव्हरच्या टोकाला दोरीचा फास घातला, त्यात हुक अडकवला आणि बंद होण्याच्या दिशेनं ओढलं. आठ पूर्णांक चार किलो. मी तक्त्यात लिहून घेतलं.

"आता पुढच्या आठवड्यात मलाही तोलणार वाटतं, बॅब?" सेक्रेटरी म्हणाली.

बायको म्हणाली, "मला तर लग्नाआधीच तोललंय त्यानं."

नोव्हेंबरात वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या एका दुकानात तसलंच एक वापरलेलं पिस्तूल आलं. आम्ही शनिवारी बघायला गेलो. बायकोनं ते हातात घेतलं, डोळे मिटले, हात समोर नेला आणि डोळे उघडले. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा दाणा, मागच्या खाचेत बरोबर बसलेली होती. डोळे मिटून धरलेलं पिस्तूल उघड्या डोळ्यांना सरळ दिसलं तर ते आपल्या हाताचं, असं तिच्या नागपूरच्या सरांनी शिकवलेलं होतं.

"हेच," ती म्हणाली.

मी तक्ता बघितला. मूठ मध्यम मापाची होती आणि तिचा हात लहान. किंमत मी ठरवलेल्यापेक्षा चाळीस पौंड जास्त. ख्रिसमसनंतर लोक जुन्या वस्तू विकायला काढतात, किमती उतरतात, हे मला माहीत होतं.

"जानेवारीपर्यंत थांबू," मी म्हटलं. "क्लबाचं आहेच तोवर."

तिनं पिस्तूल काउंटरवर ठेवलं. परतीच्या ट्रेनमध्ये ती म्हणाली, "तुझं बरोबर असेल." नंतर मुलीशी फोनवर बोलणं झालं तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, just घेऊन टाक ना. पिस्तूल कुठला पण चालेल तिला." आठवड्यात ते पिस्तूल दुसऱ्या कुणीतरी नेलं. जानेवारीत मनासारखं दुसरं आलं नाही. फेब्रुवारीत एक आलं, त्याची मूठ मोठी होती.

फेब्रुवारीतच बायकोच्या कार्डांवर छर्रे खाली उतरायला लागले. दहाची, नवाची भोकं दिसेनाशी झाली. ती म्हणाली, सराव कमी पडतोय. एकदा छऱ्यांचा डबा हातातून सुटला आणि क्लबातली सगळी माणसं हॉलभर रांगत छर्रे वेचत होती, हसत होती. तीही हसत होती. घरी लोणच्याच्या बरणीचं झाकण ती माझ्याकडे द्यायला लागली. मी उघडून परत द्यायचो. एवढंच.

मार्चच्या मध्यावर एका मंगळवारी तिला लिव्हर बंद करता येईना. उजव्या हातातली मूठच निसटत होती. ती माझ्याकडे आली.

"अरे, हे जड झालंय. आतलं काहीतरी सुकलं असणार."

मलाही ते पटलं. जुनं पिस्तूल, आतलं रबर घट्ट झालं असेल. मी म्हटलं, मोजून बघू. माझ्याकडे ऑक्टोबरचा आकडा आहे. मला तेव्हा बरं वाटत होतं, हेही लिहिलं पाहिजे. माझा आकडा उपयोगी पडणार होता.

पुढच्या मंगळवारी काटा नेला. तीच दोरी, तोच फास. आठ पूर्णांक चार. परत ओढलं. आठ पूर्णांक चार. तिसऱ्यांदा आठ पूर्णांक तीन.

मी चौथ्यांदा फास घालायला लागलो. बायकोनं माझ्या मनगटावर हात ठेवला. ती काट्याकडे बघत नव्हती, स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती. अंगठ्याच्या बुंध्याशी जिथे मांस असतं तिथे खळगा पडला होता. रोज त्या हातचं जेवलो होतो मी.

"पिस्तूल ठीक आहे रे," ती म्हणाली.

सेक्रेटरी लांबून म्हणाली, "चहा टाकू का, बॅब?"

मग घरचे डॉक्टर, मग हॉस्पिटल, मग सुया घालून नसांच्या तपासण्या, मग दुसरं हॉस्पिटल. जूनमध्ये डॉक्टरीणबाईंनी आम्हाला शांत खोलीत बसवून आजाराचं नाव सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत जातात. औषध नाही. मी किती वेळ म्हणून विचारलं. आकडा त्यांनी दिला नाही, आणि पहिल्यांदाच मला आकडा नको होता.

त्याच आठवड्यात मी हवा भरलेल्या नळीचं, तिप्पट किमतीचं पिस्तूल आणलं. तक्ता उघडलाही नाही. तोवर उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती, म्हणून दुकानदाराकडून दोन्ही हातांना चालेल अशी साधी मूठ बसवून घेतली. खोकं उघडल्यावर बायकोनं ते डाव्या हातानं मांडीवर घेतलं.

"किती झाले?"

मी सांगितलं.

"परवडेल असं म्हटलं होतं मी."

"परवडतं."

"मग नोव्हेंबरात का नव्हतं परवडत?" ती म्हणाली. रागानं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. वुल्व्हरहॅम्प्टनच्या त्या शनिवारपासून मी दुसऱ्यांदा काटा नेला त्या दिवसापर्यंत अठरा मंगळवार होते. ते मी मोजले आहेत. अठरा मंगळवार ती स्वतःच्या पिस्तुलानं खेळली असती.

ऑगस्टमध्ये आम्ही टॅक्सीनं क्लबात गेलो. सेक्रेटरीनं टेबलावर गादी लावलेला एक आधार ठेवला होता, हात उचलू न शकणाऱ्यांसाठी असतो तसा. बायको खुर्चीत बसली, डावं मनगट गादीवर टेकलं. तिनं डोळे मिटले आणि उघडले.

"सरळ आहे का?" मी विचारलं.

"जवळजवळ."

छर्रा मी भरायचा, ती ट्रिगर ओढायची. पाच छऱ्यांना वीस मिनिटं लागली. प्रत्येकानंतर ती पिस्तूल टेबलावर ठेवून दम घ्यायची. पाचव्यानंतर म्हणाली, "बास."

कार्ड माझ्याकडे आलं. नऊ, आठ, आठ, नऊ. पाचवं भोक साताच्या रेषेच्या बाहेर होतं. मी भिंग लावून पाहिलं. भोक आणि रेषा यांच्यामध्ये पांढरा कागद दिसत होता, केसाएवढा.

"किती?" बायकोनं विचारलं.

"एक्केचाळीस."

"इकडे आण."

मी कार्ड तिच्यासमोर धरलं. भिंग तिनं मागितलं नाही. बराच वेळ ती त्या पाचव्या भोकाकडे बघत राहिली. मग तिच्या ओठांच्या कडेला हसू आलं, त्या दिवसांत ते एकाच कडेला यायचं.

"टेकलेलं नाही," ती म्हणाली. "सहा आहे तो. चाळीस."

"टेकलंय."

"सत्तावीस वर्षं झाली लग्नाला, आज पहिल्यांदा खोटं बोलतोयस, आणि तेही धड जमत नाही तुला. चाळीस लिही."

मी पेन काढलं. कार्ड टेबलावर टेकवलं.

"लिही ना. माझं आहे ते."

मी चाळीस लिहिले, खाली सही केली.