हॉटेल उघडं होतं

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही, आणि त्याच्यापासून मी दुसरं काही लपवलेलं मला आठवत नाही. आता तो नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं — तर तेही नाही. सकाळपासून लिहायला बसते आणि उठून घासलेलीच भांडी परत घासते.

आधी स्टेशनाचं सांगते. कुंभकोणमच्या अलीकडे, तंजावरच्या बाजूला, आमचं एक छोटं स्टेशन होतं. मीटर गेजच्या, अरुंद रुळांवरच्या गाड्या थांबायच्या. तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाला, पट्टीश्वरम्‌च्या देवीला जाणारी माणसं तिथं उतरायची आणि समोरच आमच्या हॉटेलात हातपाय धुऊन, जेवून पुढं जायची. खाली जेवणघर, वर मुक्कामाच्या खोल्या. आजोबांनी ते रेल्वेच्या जागेवर बांधलं होतं. त्यांच्यानंतर माझ्या आत्यानं चालवलं. लग्नानंतर लवकरच विधवा होऊन परत आलेली बाई. तिथल्या चुलीपाशी उभी राहिली ती कायमची. तिरुक्करुगावूरला, गर्भ राखणाऱ्या देवीच्या नवसाला निघालेल्या गर्भार बायकांना ती वरची हवेशीर खोली द्यायची आणि स्वतः डांगर पचडी वाढायची — भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून, वर मोहरीची फोडणी. त्या बायका बाळंत झाल्या की मूल दाखवायला परत यायच्या.

आणि आम्ही तंजावरचे मराठी. इथल्या मराठी राजांच्या वेळी इकडे आलेले, इकडचेच झालेले. उंबऱ्याबाहेर तमिळ, आत मराठी. पण ती मराठी त्या काळातच राहिली, आणि हेल तमिळ. मला हे कुठं ठाऊक होतं? पुण्याला शिक्षिकेच्या कोर्सला गेले तेव्हा कळलं. वसतिगृहातल्या मुली वाईट नव्हत्या हो. ‘परत बोल ना गं,’ म्हणायच्या, आणि पोट धरून हसायच्या. मग दुसऱ्या खोलीतल्या मुलींना बोलावून आणायच्या. मी बोलणं सुधारलं. आता तुम्ही वाचताय ती तीच सुधारलेली मराठी. आत्याला ती कधी आवडली नाही.

मी परत आले, शाळेत लागले, आणि थोड्याच दिवसांत रूळ रुंद करायची बातमी आली. सगळीच छोटी स्टेशनं काही राहणार नव्हती. कोणती ठेवायची ते बघायला एक साहेब येणार, लोकांशी बोलणार, असं स्टेशनमास्तरांनी आत्याला सांगितलं. आणि हेही, की साहेब साताऱ्याकडचे. मराठी.

झालं. आत्याच्या अंगात वारं शिरलं. तिला त्यांना जेवायला बसवायचं होतं आणि आपल्या तोंडानं सांगायचं होतं, की गाडी इथं थांबू द्या. ‘आपला मनुष्य आहे, ऐकेल,’ म्हणाली. ‘तूं त्यांच्यांत राहून आलीस, तूंच त्यांस घेऊन ये.’ पहाटे उठून तिनं पाट मांडले, केळीची पानं पुसून ठेवली. ठेवणीतलं रेशमी लुगडं नेसली — चुलीपुढं, त्या उकाड्यात. मला तिचा राग आला. हे आधीच सांगून टाकते, की मला तिचा राग आला.

साहेब जीपमधून उतरले. साधा माणूस, छत्री घेतलेला. स्टेशनमास्तर गाडी पुढं काढण्यात गुंतलेले, म्हणून मीच पुढं झाले. त्यांनी इंग्रजीत विचारलं, इथं एक मराठी कुटुंब हॉटेल चालवतं असं ऐकलंय, ते कुठं? त्यांना भेटायचंय.

हॉटेल समोर होतं. रस्ता ओलांडायचा होता, बस. मागच्या अंगानं चुलीचा धूर निघत होता.

मी इंग्रजीत म्हणाले, ते हॉटेल आज बंद आहे. मंडळी लग्नाला तंजावरला गेलीत.

का? काय सांगू — माझ्या डोळ्यांपुढं ती दोघं उभी राहिली. आत्या हात जोडून ‘बसावें, जेवावें’ म्हणतेय, आणि तो ओठ दाबून हसू आवरतोय. मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं, की मी आत्याची लाज राखली. खोटं आहे ते. आत्याला कसली लाज? तिच्या भाषेला कुणी हसेल हे तिच्या मनातही येणं शक्य नव्हतं. मला माझी लाज वाटत होती. तिच्या शेजारी उभं राहिल्यावर मीही तीच आहे, हे त्याला दिसलं असतं.

मी त्यांना त्यांच्या जीपमधून कुंभकोणमला नेलं, मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलात. इडली खाताना त्यांनी विचारलं, तुम्हीही मराठी का? मी म्हटलं, नाही सर, तमिळ. ते म्हणाले, इतक्या लांब आपली माणसं भेटली असती तर बरं वाटलं असतं. हे मात्र ते मराठीत म्हणाले, स्वतःशीच. मी न कळल्यासारखा चेहरा केला.

परतले तेव्हा आत्या दारात. म्हटलं, साहेबांना वेळ नव्हता. तिनं विचारलं, ‘आम्ही मराठी म्हणून सांगितलेंस कीं?’

‘सांगितलं.’

‘तरीही?’

‘तरीही.’

बघा, पहिलं खोटं निदान घाबरून बोलले. हे दुसरं? हे मी शांतपणे बोलले. ती आत गेली. लुगडं बदलून आली आणि ते सगळं जेवण हमालांना वाढलं.

स्टेशन गेलं. हॉटेलही पाडलं. आत्या त्यांना जेवूखाऊ घालून बोलली असती तर वाचलं असतं? ठाऊक नाही, आणि या ‘ठाऊक नाही’च्या आड मी पुष्कळ दिवस आरामात राहिले. आता रुंद रुळांवरून गाड्या न थांबता जातात. जेवणघराच्या जागी खडीचा ढीग आहे.

आत्याला मी कुंभकोणमला माझ्या घरी आणलं. साहेब येऊन गेले त्या दिवसानंतर ती घरातही तमिळच बोलायला लागली. आधी मला वाटलं, रुसलीय, राहील थोडे दिवस. ती तशीच राहिली. माझी मुलगी तिच्या मांडीवर वाढली आणि तिला मराठीचा एक शब्द येत नाही. लोक विचारतात, असं कसं? मी म्हणते, हल्लीची पोरं, काय करणार.

शेवटच्या आजारात आत्या दवाखान्यात होती. अंग पुसायला आलेल्या नर्सनं सहज विचारलं, पाटी, तुम्ही मराठी लोक ना? — आजीबाईंना इकडे पाटी म्हणतात. आत्या तमिळमध्येच म्हणाली, ‘आम्ही म्हणत होतो तसं. पण त्यांच्यातला एक आमच्या दारापर्यंत आला होता, आम्ही कोण ते ऐकलं, आणि आत आला नाही.’ मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘हिला विचार. ही होती तिथं.’

नर्सनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, असंच झालं.