लक्ष्म्यांपुरत्या गोळ्या

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी तालुक्याच्या एका दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरबाईंना म्हणालो, पाळी बंद राहील असं औषध द्या. त्यांनी आधी माझ्या बारीक कापलेल्या केसांकडे पाहिलं, मग केसपेपरवरच्या मुलीच्या नावाकडे.

"लग्नाची तारीख निघाली का?"

नाही म्हणालो.

"मग घरी पूजा आहे?"

तेही नाही. मग कशाला पाहिजे, असं विचारलं तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं. मी मुलगा आहे. दर महिन्याला हे सुरू झालं की स्वतःच्याच अंगाची किळस येते, आणि ते चार दिवस कॉलेज बुडतं. बाईंनी पेनाला टोपण लावलं, "आईला घेऊन ये" म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

मला हसू आलं आणि डोक्यात तिडीकही गेली. कारण याच आईने मला चौदाव्या वर्षापासून असल्या गोळ्या चारल्या आहेत. अमडापूरला आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. तीन दिवस घर सोवळ्यात असतं, घरातल्या बाईमाणसाला 'अडचण' आलेली चालत नाही. म्हणून आई आठ-दहा दिवस आधी गावातल्या मेडिकलवर जाते, तारीख पुढे ढकलायच्या गोळ्या हळू आवाजात मागते, आणि दुकानदार त्या कागदात गुंडाळून देतो. चिठ्ठी लागत नाही, डॉक्टर लागत नाही, पोरीचं वय कोणी विचारत नाही. देवीची अडचण व्हायला नको म्हणून माझं शरीर थांबवता येतं. माझी अडचण होते, तिला कोण विचारतो?

आणि कॉलेजचं खोटं नव्हतं. मी बुलढाण्याला बीएस्सीला आहे. मुलींच्या बाथरूममध्ये गेलो की "ए, बाहेर हो" असं ओरडतात. मुलांच्यात जावं, तर तिथल्या दारांना कड्या नाहीत आणि पॅड टाकायला डबा नाही. म्हणून ते चार दिवस मी घरीच पडून राहायचो. पहिल्या वर्षी हजेरी इतकी कमी भरली की परीक्षेला बसू देणार नव्हते. हातापाया पडून कसाबसा बसलो. यंदा तसं चालणार नाही, असं सरांनी तोंडावर सांगितलं होतं.

शेवटी बुलढाण्यात दुसऱ्या एका डॉक्टरबाई भेटल्या. त्यांनी बीपी मोजलं, डोकं दुखतं का, घरात कोणाला रक्ताच्या गाठींचा त्रास आहे का, ते विचारलं आणि गर्भनिरोधक गोळ्या लिहून दिल्या. मध्ये खंड न पाडता रोज घ्यायच्या, म्हणजे पाळी येत नाही. सुरुवातीला थोडे डाग पडतील, घाबरू नकोस, म्हणाल्या. कॉलेज सुरू झाल्यावर दीड महिना मी एकही तास बुडवला नाही. सकाळच्या एसटीत उभा राहून मी चक्क शीळ घालायचो.

मग आईला माझ्या बॅगेत पाकीट सापडलं. त्यावर काय लिहिलंय ते तिने वाचलं.

"कोणासंग फिरून राह्यली तू?"

"कोणासंगच नाही. पाळी येऊ नये म्हणून घेतो."

"मले शिकवू नको. लेकरू होऊ नये म्हणून घेतात ह्या."

मी एखाद्या पोराकडे मुलगी होऊन गेलो असेन, हे तिला चटकन पटलं. मी मुलगा आहे, हे सहा वर्षं सांगूनही पटलं नव्हतं. तिने गोळ्या चुलीत टाकल्या आणि बुलढाण्याला जाता-येता माझी बॅग तपासायला लागली.

महिन्याभराने लक्ष्म्या आल्या. आईने कागदातली पुडी माझ्यापुढे धरली.

"घे, आजपासून चालू कर. अन् यंदा साडी नेसून वाढाले उभं राह्याचं. बाया विचारतात मले."

"तुनं जाळल्या त्या अन् ह्या एकाच कामाच्या आहेत."

"ह्या देवीसाठी हायेत."

लक्ष्म्यांच्या जेवणाच्या दुसऱ्याच दिवशी माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं. गोळ्या मला हव्याच होत्या, तिच्यापेक्षा जास्त. "साडी नेसत नाही, गोळ्या दे," म्हणालो. तिने पुडी उचलली आणि देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवून दिली. तो राग अजून माझ्या पोटात आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

ऐन जेवणाच्या दिवशी पाळी आली. आईने मला बाहेरच्या खोलीत बसवलं, ताट उंबऱ्यातून सरकवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो, बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाण्याचा घोटही न घेता एसटी पकडली. प्रॅक्टिकल चार तास चाललं. तिसऱ्या तासाला पँट ओली झाल्याचं कळलं, तरी जागचा हललो नाही. डाग झाकायला शर्ट पँटीबाहेर काढला, टायट्रेशन पूर्ण केलं, जर्नलवर सरांची सही घेतली.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा लक्ष्म्या उठायच्या होत्या, ओटी भरायला बाया जमल्या होत्या. आईने मला दारातच थांबवलं.

"येताना कोणाले शिवली तं नाही ना?"

"सगळ्यांले शिवलो," म्हणालो, आणि बायांच्या मधून घरात गेलो.