वडिलांना अल्सर सांगितला होता

वडिलांना कॅन्सर झाल्याचं त्यांना कळू द्यायचं नाही, असं आम्ही भावंडांनी ठरवलं आणि अल्सर सांगितला. दुखण्यावर दवाखान्यातून मॉर्फिन मिळालं. पहिल्या गोळीने गुंगी आली आणि वडील पुढची घेईनात.

"दहापैकी किती दुखतंय, तात्या?"

"दोन. अल्सरला एवढी जालीम गोळी कशाला? निम्म्या श्रीगोंद्याला अल्सर हाय, समदे काय झोपून ऱ्हात्यात व्हय?"

एवढं बोलून त्यांनी उपरण्याचा बोळा दातांत धरला आणि भिंतीकडे तोंड केलं. पाठ थरथरत होती. दुखणं दोनाचं नव्हतं, नऊचं होतं. गोळी का घ्यायची, हे पटवायला आजाराचं खरं नाव सांगावं लागलं असतं. मी तोंड उघडलं, तशी दारातून थोरल्या बहिणीने नाही म्हणून मान हलवली. मी गोळी पुन्हा डबीत ठेवली.