त्याच्या सहीची जागा

मागच्या वर्षी माझी प्रार्थना प्रार्थना उरलीच नव्हती. डोळे मिटले की मागणं एकच: देवा, माझ्या मुलाची बुद्धी फिरव.

नोएल अमेरिकेत जन्मला, वाढला मात्र इथे सौदीत, अल-खोबरमध्ये. अमेरिकेच्या नागरिक मुलाला अठराव्या वर्षी सैन्यभरतीच्या यादीत नाव नोंदवावं लागतं, मग तो कुठेही राहो. नोएल म्हणाला, "आई, आय कान्ट. बोलावलं तरी मी बंदूक उचलणार नाही. मग यादीत नाव कशाला देऊ?" नाव न देणं तिथे गुन्हा. त्याला पुढे तिथेच शिकायचं होतं. आणि तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार? माझं माहेर मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचं. शस्त्र धरायचं नाही, वैऱ्याचंही भलं चिंतायचं, हे दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, घरच्या प्रार्थनेत मीच त्याला शिकवलं होतं. त्याने ते मनावर घेतलं, आणि आता मीच रडत होते.

शेवटी मी चोरवाट धरली. इकामा म्हणजे इथला राहण्याचा परवाना, शाळा, व्हिसा, त्याचे सगळे कागद आजवर मीच भरलेले. हा नावनोंदणीचाही भरून टाकू, त्याला कळणारही नाही, असं ठरवून फॉर्म घेऊन एका टायपिंगच्या दुकानात गेले. दुकानदार दापोलीकडचे वयस्कर मुस्लिम गृहस्थ. माझं मराठी ऐकून त्यांनी आधी चहा मागवला. अर्धा फॉर्म भरून झाल्यावर ते थांबले.

"पोरगा कुठंय?"

"शाळेत. सही मी करते ना."

त्यांनी चष्मा काढला. "ताई, अठराचा झाला ना तो? मग ही जबान त्याची, त्यानंच द्यायची. तुमच्या हातून मी नाय घेणार. माफ करा." आणि फॉर्म दोन्ही हातांनी परत दिला.

नोएलच्या नकाराबद्दल मी त्यांना एक अक्षर सांगितलं नव्हतं. बाहेर उन्हात उभी राहून मी खूप रडले. बुद्धी फिरव म्हणून मागत होते; कुणाची, ते देवाने ठरवलं.

घरी येऊन नोएलला सगळं सांगितलं, त्याची माफी मागितली. त्याने माझा हात धरला. पुढच्या आठवड्यात तो भरती-कार्यालयाला पाठवायचं आपल्या नकाराचं पत्र घेऊन माझ्याबरोबर त्याच दुकानात आला. दुकानदार चाचांनी ते टाइप केलं, शांतपणे वाचलं, सहीच्या जागेवर बोट ठेवलं आणि पेन त्याच्या हातात दिलं.

उत्तर अजून आलेलं नाही. भीती आहेच. पण आता प्रार्थनेला बसले की नोएलचं नाव घेते, आणि पुढे काही मागत नाही.