कोलंबोतला भंडारा
हळदीचा डबा उघडला की मी केजच्या घरातून थेट कोलंबोच्या विमानतळावर जाऊन उभा राहतो. तात्या म्हणजे माझे चुलते. जन्मभर मेंढरं राखली, पण रावणाची लंका बघायची त्यांची लई हौस, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. विमानात मी पुस्तक वाचून दाखवत होतो, की आधी पोर्तुगीज आले, मग डच, मग इंग्रज. अन् बुद्धाकडं पाठ करून फोटो काढायचा नसतो. तात्या म्हणाले, “राजे ऱ्हाऊ दे. मेंढरं कुठं चरत्यात ते सांग.” उतरल्यावर तपासणीत त्यांच्या बंडीतून पिवळ्या भुकटीची थैली निघाली. बिरोबाचा भंडारा, त्याच्याशिवाय त्यांनी कधी शीव ओलांडली नव्हती. पण हळद आणायला तिथं मनाई होती. अधिकाऱ्यानं कचऱ्याच्या डब्याकडं बोट दाखवलं. “देवाचा हाय. कचऱ्यात न्हाई पडायचा,” म्हणत तात्यांनी थैली छातीशी धरली. दोन शिपाई जवळ आले. मला इंग्रजी सुचेना. “तात्या, द्या की!” मी ओरडलो. त्यांनी थैलीची गाठ सोडली अन् स्वतःच्या, माझ्या, मग रांगेतल्या अनोळखी माणसांच्या कपाळाला भंडारा लावत सुटले. शेवटची चिमूट घेऊन त्यांचा हात अधिकाऱ्याच्या कपाळाकडं गेला. साहेब हसला नाही, पण मागंही सरला नाही. त्या बेटाबद्दल वाचलेलं सगळं मी आज विसरलोय. पिवळ्या कपाळानं पुढच्या माणसाची बॅग उघडणारा तो साहेब तेवढा अजून दिसतो.