तांडेलांची फटफटी

पाण्यावरचं जेवढं शहाणपण एका माणसात मावू शकतं, तेवढं सगळं आमच्या घरमालकांत भरलेलं होतं, आणि त्यामुळेच जमिनीवर वावरायला त्यांच्याइतका नालायक माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नसावा. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागलो होतो. बोईसरला खोली मिळेना, म्हणून जवळच्या दांडी गावात समुद्राकाठी यांच्या घराची मागची खोली घेतली. तीस वर्षं ते होडीवर तांडेल होते, म्हणजे होडीचे कप्तान. जाळं ओढताना उजवा खांदा निखळला तो नीट बसलाच नाही. होडी मुलांकडे गेली आणि तांडेल पंचावन्नाव्या वर्षी किनाऱ्याला लागले. पण लागले म्हणजे नुसते शरीराने. तंबाखू आणायला निघाले तरी आधी अंगणात उभे राहून वारा कुठला आहे ते बघत. कुणी वाटसरूने शाळेचा रस्ता विचारला तर "देवळाला डाव्या अंगाला धरून वायव्येला जा" असं सांगत, आणि तो बिचारा देवळाभोवती दोन फेऱ्या मारून पुन्हा यांच्याच दारात येई. चालतानाही दोन्ही पायांत अंतर ठेवून, जणू घर केव्हाही कलंडेल अशा बेताने चालत.

भर तुफानात भाकरी खाणारा हा माणूस एस.टी.त बसला की ओकायचा. खोटं वाटेल, पण मी स्वतः पाहिलं आहे. बोईसरपर्यंत माझ्याबरोबर एकदाच आले, तेही चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा करून, आणि अर्ध्या वाटेत उतरून उरलेलं अंतर चालत गेले. कारणही त्यांनी शोधून ठेवलं होतं. "होडीत मी कदी ओकलो नाय. सुकाणू माज्या हातात असतंय ना! दुसऱ्याच्या हातात सुकाणू दिलं का माजं पोट ऐकत नाय." बैलगाडी, टेम्पो, जावयाची सायकल, सगळ्यांना हाच नियम. त्यामुळे त्यांचं जग दोन पायांनी गाठता येईल तेवढंच उरलं होतं.

जावई म्हटलं, त्याचाही खुलासा करायला हवा. धाकट्या दोघी मुली गावातच दिल्या होत्या, सायकल त्यांतल्या एकीच्या नवऱ्याची. थोरली शिकली, मास्तरीण झाली आणि पालघरपलीकडे मासवणला शाळेवर गेली. तिथल्याच एका मास्तराशी तिने लग्न ठरवलं. तो वरकस, म्हणजे डोंगरउताराची शेती करणाऱ्या घरातला, समुद्र फक्त सहलीत पाहिलेला. लग्न तिकडेच झालं. तांडेल गेले नाहीत. "यष्टीत माजा जीव जातो," एवढंच म्हणाले. दोन वर्षं झाली तरी गेले नाहीत. मुलगी एकदा आली तेव्हा नेमके जाळी विणायला कुणाकडे तरी जाऊन बसले. यात राग किती आणि ओकारी किती, याचा हिशेब गावात कुणालाच लागला नव्हता. त्यांच्या बायकोलाही नाही. मी त्यांना काकी म्हणत असे. काकी एकट्याच दर दोन महिन्यांनी सुक्या मासळीचं गाठोडं घेऊन मासवणला जाऊन येत, आणि परतल्या की तांडेल विचारत, "यष्टी भरलेली होती का?" बाकी काही नाही.

त्या मार्गशीर्षात मुलीला मुलगा झाला. काकी बारशाचं जेवून परतल्या. तांडेलांनी बसची चौकशी केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी जुनी मोटारसायकल पुसत होतो तिथे येऊन उभे राहिले. बराच वेळ गाडीकडे होडी विकत घ्यायला आल्यासारखे बघत होते.

"सायबा, हिचं सुकाणू कुटं?"

मी हँडल दाखवलं.

"मना शिकव," ते म्हणाले. कशासाठी ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

ओहोटीला किनाऱ्यावरची वाळू सडकेसारखी टणक होते. तिथे धडे सुरू झाले. क्लच त्यांना चटकन समजला. "ह्यो नांगर. दाबला का सुटली, सोडला का धरली" असं त्यांनी नेमकं उलटं समजून घेतलं, पण तरीही गाडी बरोबर सुटायची, हे मला आजतागायत कळलेलं नाही. ब्रेक मात्र त्यांना मान्यच नव्हता. थांबायचं ठिकाण दोन फर्लांगांवर असतानाच ते हात सैल सोडत आणि गाडी आपोआप धक्क्याला लागावी तशी लागेल याची वाट बघत. पहिल्याच दिवशी ती लागली ती बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या रांगेला. तांडेलांच्या गळ्यात बोंबलांचे हार, दोन काठ्या आडव्या आणि पाच-सहा बायका हातातल्या टोपल्यांसकट धावत आलेल्या. त्यांत सर्वांत पुढे काकी.

"म्हातारपणी काय सुचलंय तुमाला? मरायचं हाय का?"

"वारा मागून होता," तांडेल शांतपणे म्हणाले आणि गळ्यातला एकेक बोंबील काढून काकींच्या टोपलीत टाकू लागले.

सडकेवर आल्यावर आणखी एक प्रकार उघडकीला आला. वारा समोरून असला की शिडाची होडी सरळ जात नाही, तिरकी तिरकी न्यावी लागते. तांडेलांनी हा नियम फटफटीलाही लावला. समोरून वारा आला की ते रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आणि परत असे नागमोडी जात. मागे कारखान्याचे ट्रक साचत. एक ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, "चाचा, सीधा चलो ना, रोड तुम्हारे बाप का है क्या?" तांडेलांनी गाडी न थांबवता मागे बसलेल्या मला विचारलं, "काय म्हणतो?" मी म्हटलं, "सरळ चला म्हणतो." त्यावर त्यांनी त्या ड्रायव्हरची कीव केली. "त्याला वाऱ्याचं कायबी म्हाईत नाय."

पालघरला लायसन्सची परीक्षा झाली ती मी जन्मभर विसरणार नाही. साहेबांनी विचारलं, "अरुंद रस्ता आहे, समोरून ट्रक आला, तर काय कराल?" तांडेल म्हणाले, "भरलेला हाय का रिकामा?" साहेब गोंधळले. "त्याने काय होतं?" "भरलेल्याला वाट द्यायची. त्याला घाई असते, त्याची मासळी नासते." मग आठ काढायला सांगितला. तांडेलांनी इतका देखणा आठ काढला, की साहेबांनी मान डोलावली. फक्त शेवटी रेषेवर थांबायचं होतं, ते काही जमेना. म्हणून त्यांनी दुसरा आठ काढला, मग तिसरा, आणि चौथ्याला गाडी आपणहून दमून रेषेवर आली. साहेबांनी सही केली. बहुधा पाचवा आठ बघायची त्यांची तयारी नसावी.

मग एका रविवारी सकाळी ते इस्त्रीचा सदरा आणि मुलाची पँट घालून माझ्या दारात उभे राहिले. "चल. मागं बस." काकींनी मागच्या कॅरिअरला सुक्या मासळीची टोपली बांधली. त्या गाठ चार-चारदा आवळत राहिल्या. आम्ही निघालो. बोईसरचं फाटक उघडं मिळालं, पालघर मागे पडलं. मी देवाचं नाव घेत मागे बसलो होतो, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली, की आज वारा समोरून होता तरी तांडेल नाकासमोर सरळ चालले होते.

वाघोबाच्या खिंडीत मात्र त्यांनी हात सैल सोडला. गाडी चढावर लगेच थांबली. तिथल्या वाघोबा देवाला नमस्कार केला आणि कठड्यावर बसले ते उठेनात.

"चाकात हवा कमी वाटते," ते म्हणाले.

मी बघितली. ठीक होती.

"पेट्रोल?"

"भरपूर आहे."

"आभाळ भरून आलंय."

माघ महिना होता, आभाळात ढगाचा मागमूस नव्हता. माकडं झाडावरून आमच्याकडे बघत होती. शेवटी ते म्हणाले, "तिच्या लग्नाला मी गेलो असतो, सायबा. ओकत ओकत गेलो असतो. पण तिनं मना आधी विचारलं नाय. ठरवलं, मग सांगितलं." मग उठून त्यांनी किक मारली.

मासवणला घर सापडलं. जावई बाहेर आला, घाईघाईने सदरा चढवत पाया पडला. तांडेलांनी त्याच्याकडे न बघता सूर्या नदीची चौकशी सुरू केली. पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं, मासा कुठला मिळतो. तोही बिचारा परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देत होता. तेवढ्यात मुलगी मूल घेऊन दारात आली. उंबऱ्यातच थांबली. बापाकडे बघितलं, मग फटफटीकडे बघितलं, मग पुन्हा बापाकडे.

"एस.टी.ने आला असतात तरी चाललं असतं, बाबा," ती म्हणाली. "ओकला असतात तर मी पुसलं असतं."

तांडेलांचा दुखरा खांदा थोडा खाली आला.

"आलो ना आता," ते म्हणाले, आणि मूल घ्यायला हात पुढे केले.

पुढे त्यांनी स्वतःची फटफटी घेतली, जुनीच. माझी दुसऱ्या वर्षी गुजरातेत बदली झाली आणि दांडी सुटली. पत्रं लिहिण्याची त्यांची रीत नव्हती, माझाही आळस होता. मधे बरीच वर्षं गेली. नव्वदनंतर कधीतरी कामाने पालघरला आलो होतो, तर बाजारात एका बाईने मला हाक मारली. केस पांढरे झाले होते, त्यामुळे ओळखायला वेळ लागला. तांडेलांची थोरली. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, असं तिने सांगितलं. झोपेत गेले, त्रास झाला नाही.

"यायचे का मासवणला?" मी विचारलं.

"दर रविवारी. शेवटच्या सहा महिन्यांपर्यंत. आले की ह्यांच्याशी नदीवर बोलायचे, नातवाला गाडीवर बसवायचे, जेवायचे. माझ्याशी फार बोलणं नसायचंच. मुक्काम मात्र एकदाही केला नाही. चार वाजले की उठायचे. भरती लागायच्या आत घरी पोचायला हवं म्हणायचे."

"पण होडी तर त्यांनी कधीच सोडली होती."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मीही कधी अडवलं नाही. वाटायचं, अडवलं आणि पुढच्या रविवारी आले नाहीत तर?"

तिची मासवणवरून जाणारी मनोरची एस.टी. लागली होती. ती गर्दीतून वाट काढत गेली, खिडकीशी जागा मिळाली, तिने हात हलवला. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी मी थोडा वेळ तिथेच उभा होतो.