टेकडीचं शूटिंग

लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरी कमी दिसले तरी चालतं. मुलीचा मामा दिसला नाही तर दोन घरांचं जाणं-येणं बंद होतं. मोताळ्यात इतकी वर्षं फोटो स्टुडिओ चालवून मला आलेली अक्कल एवढीच. नवरा-नवरी कुठे पळून जात नाहीत, हळद लावून एका जागी बसलेले असतात. पाहुणा पळतो. म्हणून आधी पाहुणे घ्यायचे, पंगतीत घ्यायचे, तोंडात घास असला तरी घ्यायचे, आणि ज्याच्या डोक्यावर मोठा फेटा असेल त्याला दोनदा घ्यायचं.

पुढे ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि माझ्या दुकानात पासपोर्ट फोटो आणि आधार कार्डाचं लॅमिनेशन तेवढं उरलं. तेव्हा एक संस्था आली. शाळा सुटलेल्या पोरापोरींना व्हिडिओ शिकवायचा आणि त्यांच्याच हातून त्यांच्या गावच्या टेकडीवर एक फिल्म करून घ्यायची, असं संस्थेचं काम होतं. संस्थेच्या मॅडम पुण्याच्या. मला म्हणाल्या, "दादा, तुम्ही यांना दृश्यभाषा शिकवा." मी म्हटलं, शिकवतो. दृश्यभाषा म्हणजे काय हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, दोघांचंही भागलं.

गाव मोताळ्याहून जवळच. गावामागे टेकडी. दोन पावसाळ्यांपूर्वी ग्रामसभेनं तिथं चराई आणि कुऱ्हाड बंद केली होती; गवत विळ्यानं कापून न्यायची तेवढी मोकळीक होती. खाली दगडी बांध, वर जायच्या वाटेवर बोरीच्या काट्यांचं फाटक, आणि फाटकावर एक राखणदार. दोन वर्षांत टेकडीवर कमरेएवढं गवत आलं, ससे आले, तित्तर आले. लांडगाही येतो म्हणत. मला काही दिसला नाही, पण मॅडमना तो दिसावा असं फार वाटायचं. खालच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहिलं, हे मात्र मी स्वतः पिऊन पाहिलं आहे.

शिकायला आलेली पोरं भूमिहीनांच्या वस्तीतली. दिवाळी झाली की वस्तीत ट्रॅक्टर यायचा आणि आईबापांसोबत ही सगळी वीटभट्टीवर जायची. त्यातली एक पोरगी त्या राखणदाराची. सातवीत असताना भट्टीवर गेली ती शाळेत परतलीच नाही. बाप टेकडीवर राखणदार लागला म्हणून दोन वर्षं घर गावात टिकलं होतं, आणि ती आता बाहेरून दहावीला बसणार होती. पण चराईबंदी दोनच वर्षांची होती. पुढे ठेवायची की टेकडी खुली करायची, हे दिवाळीआधीच्या ग्रामसभेत ठरायचं होतं. खुली झाली तर राखणदाराचं काम संपलं, आणि ट्रॅक्टर दारात. तिनं मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि लगेच विचारलं, "सर, बॅटरी कितीक वेळ पुरते?"

मला सर म्हणणारी ती पहिली. जन्मभर मी 'ओ फोटोवाले'.

मी शिकवलं ते मला येत होतं तेच. हात हलवायचा नाही, उन्हाकडे तोंड करून घ्यायचं नाही, आणि माणूस सोडायचा नाही. पोरं कामाला लागली. महिनाभरानं मॅडमनी कच्चं शूटिंग पाहिलं आणि डोक्याला हात लावला. टेकडी थोडी होती. बाकी सगळं गाव होतं. बांधापाशी उभं गाव, विहिरीपाशी गाव, गवताचे भारे डोक्यावर घेऊन कॅमेऱ्याकडे पाहत ओळीनं जाणारं गाव. एका म्हातारीनं तर गवतात उभं राहून पदर सारखा केला, नमस्कार केला आणि "सुखी राहा" म्हणाली.

"दादा, ही फिल्म आहे की लग्न?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, गाव तिथं स्वतःले पाहाले येईन. गवत हलताना त्याईले रोजच दिसते."

त्या चिडल्या. मीही चिडलो. मला लवकर राग येतो, बायको म्हणते येतच असतो, जात कधी नाही. शेवटी असं ठरलं की सुरुवातीला एक मिनिट गवत हलेल आणि मग गाव येईल. त्या बाई वाईट नव्हत्या. ते एक मिनिट खरंच सुंदर झालं होतं, हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

एडिटिंग माझ्या दुकानात. यादी करायची गरज नव्हती, पोरीला घर न् घर पाठ. कोण राहिलं, कोण दोनदा आलं, बोटांवर सांगायची. एक दिवस मी म्हटलं, "आबा कुठं आहेत?"

आबा म्हणजे गावातली सगळ्यात मोठी शेळ्यांची खांड ज्यांची ते. ते हात वर करतात तेव्हा अर्धं गाव हात वर करतं. त्यांना चराईबंदी मनातून नको होती, पण तोंडानं तसं कधी बोलले नव्हते. असा माणूस फिल्ममध्ये नसणं म्हणजे मुलीचा मामा नसणं. मी पोरीवर ओरडलो. "एवढं शिकवून पालथ्या घड्यावर पाणी! आबाच सोडले?"

तिनं मोबाइल काढून माझ्यापुढे धरला.

पहाटे ती तित्तरांचं शूटिंग करायला गवतात बसली होती. तित्तर आले नाहीत. टेकडीच्या फाटकापाशी आबा आले, मागे त्यांच्या शेळ्या. आतून एक माणूस आला, त्यानं काट्यांचं फाटक उचलून बाजूला धरलं, आणि शेळ्या एकामागून एक बंदीच्या गवतात शिरल्या. सगळ्या आत जाईपर्यंत तो माणूस फाटक धरून मान खाली घालून उभा होता. तो तिचा बाप.

"आमचं घर आबाईच्या जाग्यात हाय, सर," ती म्हणाली. "बाबा नाही कसे म्हणतीन?"

मला राग आला होता, पण कोणावर काढावा तेच कळेना, तेव्हा मी कॉम्प्युटरच्या माऊसवर काढला. मग म्हटलं, "काढून टाक ते."

"नाही. असू द्या."

"आणि आबा?"

"मंग घेऊ त्याईले," ती म्हणाली. पण त्यानंतर आबा लेकीकडे म्हणून मलकापूरला गेले आणि ग्रामसभेच्या दिवशीच परतले.

ग्रामसभा भरली शाळेच्या मोठ्या खोलीत, भरदुपारी. प्रोजेक्टर शाळेचा, अंधार वस्तीचा, म्हणजे खिडक्यांना वस्तीतली ब्लँकेटं. पोरीच्या बापानंच ती बांधली. आत असा उकाडा की बाप्पा! सरपंचबाईंनी पदरानं वारा घेत दोन शब्द सांगितले आणि फिल्म लागली.

एक मिनिट गवत हललं. कोणीतरी मोठ्यानं जांभई दिली. मग पहिलं माणूस दिसलं आणि खोलीत जो कल्ला उठला, तो शेवटपर्यंत खाली बसला नाही. "अबे, हा तं आपला बुढा!" "पाय व, कशी नटली!" "माहं डोकं काऊन कापलं?" ती नमस्कारवाली म्हातारी भिंतीवर आली तेव्हा खाली बसलेल्या म्हातारीनं तिला परत नमस्कार केला. विहिरीत पाणी दिसलं, गवताचे भारे दिसले, भारा नेणारी माणसं ओळखीची म्हणून भारेही नीट पाहिले गेले. मॅडम माझ्याकडे पाहून हसल्या. मी न पाहिल्यासारखं केलं.

फिल्म संपली, दिवा लागला, आणि आबा उठले.

पांढरी टोपी, खांद्यावर नवा दुपट्टा, बहुधा मलकापूरला मिळालेला. म्हणाले, "सारं गाव दिसलं. कुत्रं दिसलं. मी दिसलो नाही."

खोली गप्प झाली. असा गप्पपणा मी मांडवात पुष्कळदा ऐकलेला आहे. त्याच्यानंतर कोणीतरी जेवण न करता निघून जातं.

"मी गावात नाही का?" आबा म्हणाले. "का माह्यावालं शूटिंग झालंच नाही?"

पोरीच्या हातात मोबाइल. त्यात ती पहाट. मागच्या भिंतीला टेकून तिचा बाप, त्याला यातलं काही माहीत नाही. खोटं बोलून झालं नाही म्हणावं, तर आबा अपमान धरून बसणार आणि हात खाली ठेवणार. झालंय म्हणावं, तर आबा म्हणणार दाखव, आणि मग आबांसोबत बापही भिंतीवर. दोन्हीकडून ट्रॅक्टर. खरं सांगतो, ही पोरगी माझी कोणी नव्हती, पण त्या क्षणी माझं सगळं दुकान घ्या आणि हिला सोडा असं मला वाटलं. दुकानात तसं काही नव्हतंच.

पोरगी पुढे गेली. म्हणाली, "आबा, तुमचं मुद्दाम मागं ठेवलं. मोठ्या माणसाचं सगळ्याईत मिसळून घेत नाहीत. आता घेतो."

हे मी शिकवलं नव्हतं. म्हणजे करत आलो होतो, रुसलेल्या मामांना असंच वेगळं उभं करून घ्यायचो, पण शिकवलं नव्हतं. तिनं माझा लग्नाचा कॅमेरा घेतला. फिल्म त्यातूनच लावली होती, तेव्हा त्याची वायर प्रोजेक्टरला होतीच. दिवा बंद झाला आणि आबा भिंतीवर आले, छतापर्यंत. आबांनी स्वतःला पाहिलं. टोपी नीट केली, दुपट्टा सारखा केला, भिंतीवरच्या आबांनीही केला.

"आबा, टेकडीबद्दल दोन शब्द," ती म्हणाली.

आता, लग्नात माइक तोंडापुढे धरला की माणूस खरं बोलत नाही, पण वाईटही बोलत नाही. जावयाला जन्मात न विचारणारा सासराही दोन शब्द चांगलेच बोलतो. आबा खाकरले. म्हणाले, टेकडी गावाची माय आहे. म्हणाले, पाणी आहे तर गाव आहे. मग त्यांना रंग चढला. "जो कोणी तठी आपली शेळी घालीन," आबा बोट नाचवत म्हणाले, "त्याले मी सोडणार नाही!"

टाळ्या पडल्या. मॅडमनी सगळ्यात जोरात वाजवल्या, त्यांना काहीच माहीत नव्हतं. सरपंचबाई हुशार, आबा भिंतीवर असतानाच म्हणाल्या, "बंदी पुढं ठेवायची ज्याईले मान्य हाय त्याईनं हात वर करा." आबांनी कॅमेऱ्यात पाहत हात वर केला. मग खोलीभर हात वर झाले. पोरीनं कॅमेरा हळूच फिरवून ते सगळे घेतले, एकही न सोडता.

गाव पांगलं. आबा जाताना मला म्हणाले, "पोरगी कामाची हाय." मी म्हटलं, हाव. त्यापुढे माझ्या तोंडाशी बरंच काही आलं होतं, ते मी गिळलं, आणि राग गिळायची सवय नसल्यामुळे मला ठसका लागला.

पोरीचा बाप खिडक्यांवरची ब्लँकेटं सोडत होता. खुशीत होता बिचारा. ट्रॅक्टर टळला होता ना! एक ब्लँकेट खांद्यावर टाकत लेकीला म्हणाला, "साऱ्या गावाचं केलं, आणि बापाचं शूटिंग काऊन नाही केलं व?"

"केलं ना, बाबा."

"मंग दिसलो नाही तो?"

"तुमचं पहाटचं हाय," ती म्हणाली. "फाटकापासचं. आबाईसंगचं."

त्याचे हात थांबले. खोलीत आम्ही तिघंच. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला लागलो. मग त्यानं लेकीला विचारलं, "कोणाले दाखवलं?"

"सरले. आता कोणालेच नाही."

त्यानं ब्लँकेटाची घडी घातली. ती वाकडी झाली, मोडली, परत घातली. मग ती बाकावर ठेवली, दाराशी टेकवलेली काठी उचलली आणि तसाच निघाला. घराकडे नाही, टेकडीकडे. जेवायची वेळ होती. वाटेत आबांचं घर लागतं. ओट्यावरून आबांनी हाक मारली, ती आम्हाला शाळेच्या दारातूनही ऐकू आली. त्यानं हात जोडले, पण थांबला नाही. दारातून टेकडीचं फाटकही दिसतं. तो पोचला, फाटक आतून ओढून घेतलं आणि त्याच्यामागे काठी आडवी घेऊन बसला.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अवं, कॅमेरा काढ ना! घे बापाचं!"

"राहू द्या, सर," ती म्हणाली. "मी पाहून राह्यली ना."